बत्तीस बोअरचे दीर्घायुष्य

तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याचे पाणी घेऊन पवन मावळातून निघालेली पवना नदी दापोडीजवळ मुळेला मिळते आणि त्या संगमापासून जवळच, मुळेच्या पलीकडच्या काठावर, खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासून उभा आहे. लहान शस्त्रांची, म्हणजे एका माणसाला उचलून चालवता येतील अशा बंदुका, रायफली आणि पिस्तुले यांची काडतुसे तयार करणे हे या कारखान्याचे जुने काम असून, तेथे घडलेल्या काडतुसाच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही दोन रोमन अक्षरे ठोकलेली असतात. हातात मावणाऱ्या शस्त्रांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा शस्त्राकडे, त्याच्या घडणीकडे आणि त्याच्या मालकाकडे जाते. परंतु पिस्तुलाचे आयुष्य त्याच्या पोलादापेक्षा त्यात बसणाऱ्या काडतुसावर अधिक अवलंबून असते, कारण पोलाद शंभर वर्षे टिकते आणि काडतूस मात्र कोणीतरी सतत बनवत राहावे लागते. या दृष्टीने पाहिले, तर विसाव्या शतकाच्या आरंभी जगभर पसरलेली आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात बाजूला पडत गेलेली काही लहान काडतुसे भारतात अजून का टिकून आहेत, या प्रश्नाचे उत्तर कानपूरच्या शस्त्रकारखान्यांइतकेच खडकीत आणि दिल्लीच्या नियमावलीत शोधावे लागते.

‘बोअर’ म्हणजे बंदुकीच्या नळीच्या पोकळीचा व्यास, आणि तो मोजण्याची सर्वांत जुनी रीत लांबीची नसून वजनाची होती. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोल गोळे केले आणि त्यांतला एक गोळा ज्या नळीत नेमका बसला, ती नळी बारा बोअरची. म्हणूनच या मोजमापात आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक असते, आणि बारा बोअरची नळी सुमारे साडेअठरा मिलिमीटर रुंद असते. १६५७मध्ये तिकोणा स्वराज्यात आला त्या काळात मावळात वापरात असलेल्या तोड्याच्या बंदुकांना, म्हणजे जळत्या दोरीने दारू पेटवणाऱ्या बंदुकांना, हे प्रमाणदेखील लागू नव्हते, कारण प्रत्येक बंदुकीची नळी थोडीफार वेगळी असे आणि तिच्या गोळ्या तिच्याच साच्यात ओतल्या जात. मार्च १८१८मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोणा एकापाठोपाठ घेतले, तेव्हा कंपनी सरकारच्या शिपायाच्या हातातील चकमकीच्या बंदुकीचा व्यास पाऊण इंच ठरलेला होता आणि एकाची गोळी दुसऱ्याच्या बंदुकीत चालत होती. काडतुसाच्या इतिहासातील ही पायरी पुढच्या सर्व गोष्टींच्या मुळाशी आहे, कारण ज्या क्षणी गोळीचा आकार ठरावीक झाला त्या क्षणी तो आकार कोणाला द्यायचा आणि कोणाला नाकारायचा हे ठरवण्याची सोयही सत्तेच्या हाती आली.

नळ्या पुढे बारीक होत गेल्या, काडतूस धातूच्या पुंगळीत बंद झाले आणि मोजमाप इंचाच्या शतांश-सहस्रांशांत किंवा मिलिमीटरमध्ये होऊ लागले; शीर्षकातले ‘बत्तीस बोअर’ही असे इंचाचे, म्हणजे .३२, आहे. तरीही काडतुसाच्या नावातील आकड्यावर फार विश्वास टाकता येत नाही. .३८ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका काडतुसाची गोळी प्रत्यक्षात .३६ इंचाच्या आसपास भरते, तर त्याच नावाच्या दुसऱ्या काडतुसाची .३५७ इंच भरते, आणि दोन्ही एकमेकांच्या शस्त्रात नीट चालत नाहीत. भारतीय वाचकाला विशेष उपयोगी असा भेद .३२ या नावाखाली दडलेला आहे. रिव्हॉल्व्हरसाठीचे .३२ लाँग हे काडतूस स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीने १८९६मध्ये आणले. त्याच्या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि त्या कडेवरच ते फिरत्या चक्राच्या भोकात अडकून राहते. पिस्तुलासाठीचे .३२, ज्याला युरोपात आणि आपल्या पोलिसांच्या पंचनाम्यांत ७.६५ मिलिमीटर म्हणतात, ते जॉन ब्राउनिंग या अमेरिकी संशोधकाने १८९९च्या सुमारास बेल्जियममधील एफएन कारखान्यासाठी रचले. ते आखूड असून त्याची कड जवळजवळ पुंगळीच्याच रुंदीची ठेवलेली आहे, जेणेकरून मुठीतील मॅगझिनमध्ये काडतुसे एकावर एक रचता यावीत. दोघांचे आडनाव एक असले तरी घराणी वेगळी आहेत, आणि एकाचा परवानाधारक दुसऱ्याचे काडतूस विकत घेऊन बसला तर ते त्याच्या शस्त्राच्या उपयोगाचे नसते.

खिशात मावणारे पिस्तूल शक्य झाले ते ब्राउनिंगच्या ज्या युक्तीमुळे, तिला ‘ब्लोबॅक’ म्हणतात. गोळीला पुढे ढकलणारी वायूची दाबशक्तीच त्याच वेळी रिकाम्या पुंगळीला मागे ढकलत असते. या मागे येणाऱ्या धक्क्याला कुलूप किंवा अडसर न लावता केवळ स्लाइडचे, म्हणजे पिस्तुलावरच्या सरकत्या पोलादी भागाचे, वजन आणि एक स्प्रिंग यांच्या जोरावर क्षणभर थोपवून धरायचे, गोळी नळीबाहेर पडेपर्यंत तो भाग जेमतेम हलू द्यायचा आणि मग त्याच धक्क्याने पुंगळी बाहेर फेकून पुढचे काडतूस आत ओढून घ्यायचे, अशी ही रचना आहे. तिच्यात सुटे भाग थोडे लागतात, नळी जागची हलत नाही आणि पिस्तूल चपटे होते; पण काडतूस जोरदार असेल तर त्याला थोपवण्यासाठी स्लाइड इतकी जड करावी लागते की खिशात ठेवण्याचा हेतूच संपतो. म्हणजे छोटे पिस्तूल आणि सौम्य काडतूस ही जोडी यांत्रिक गरजेतून बांधली गेली, आणि ही गरज जोपर्यंत खरी होती तोपर्यंत त्या काडतुसांना मरण नव्हते.

याच रचनेवर एफएनने १९०० सालचे .३२चे पिस्तूल काढले, आणि त्याहून लहान अशा .२५, म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी १९०६चा नमुना काढला, ज्याची लांबी साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आणि वजन ४०० ग्रॅमपेक्षा कमी होते. अमेरिकेत कोल्ट कंपनीने १९०८मध्ये तोच नमुना ‘व्हेस्ट पॉकेट’, म्हणजे बंडीच्या खिशातले पिस्तूल, या नावाने आणला आणि त्याच वर्षी .३८० हे थोडे अधिक दमदार काडतूस, ज्याला युरोपात ९ मिलिमीटर शॉर्ट म्हणतात, बाजारात आले. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटने .२५ आणि .३२ या दोन्ही मापांत पिस्तुले बनवली. लंडनच्या महानगर पोलिसांनी १९११मध्ये वेब्लीचे .३२ स्वीकारले, आणि साम्राज्याच्या व्यापारमार्गाने तीच पिस्तुले मुंबईच्या धक्क्यावर उतरून संस्थानिक, सनदी नोकर, डॉक्टर आणि व्यापारी यांच्या घरांत पोहोचली. आजही महाराष्ट्रातील जुन्या परवान्यांवर वेब्लीचे नाव आढळते ते या आयातीमुळे.

या काडतुसांच्या शक्तीचे आकडे समोर ठेवले म्हणजे पुढचा ऱ्हास समजणे सोपे जाते. .२५ची गोळी सव्वातीन ग्रॅमची असते आणि नळीतून बाहेर पडताना तिच्यात सुमारे ९० जूल ऊर्जा असते; .३२ पिस्तुलाच्या सुमारे साडेचार ग्रॅमच्या गोळीत ती १७५ जूलच्या आसपास जाते. आणि गेओर्ग लुगर याने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी जर्मनीत तयार केलेल्या ९ मिलिमीटर पॅराबेलम या काडतुसात, जे आज जगातील बहुतेक सैन्ये आणि पोलीस वापरतात, साडेसात ते आठ ग्रॅमच्या गोळीला सुमारे ५०० जूल ऊर्जा मिळते. तथापि कमी ऊर्जा म्हणजे कमी घातकता असा समज करून घेणे सर्वस्वी चुकीचे ठरेल, आणि त्याचा पुरावा इतिहासानेच दिलेला आहे. १९०९च्या आरंभी विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात पाठवली, आणि त्यांतीलच एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाच्या वेळी, अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा वध केला. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. पुढे २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडल्या गेलेल्या गोळ्या एफएनच्या १९१० नमुन्याच्या .३८० पिस्तुलातील होत्या; आणि ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींवर ज्यातून तीन गोळ्या झाडण्यात आल्या, ते ग्वाल्हेरमध्ये मिळवलेले इटालियन बनावटीचे बेरेटा पिस्तूलही १९३४ नमुन्याचे, त्याच ९ मिलिमीटर शॉर्ट काडतुसाचे होते. लहान पिस्तुलाचे भय त्याच्या जोरात नसून ते कपड्याखाली दिसत नाही आणि हातभराच्या अंतरापर्यंत नेता येते यात आहे, ही गोष्ट विसाव्या शतकाने फार मोठी किंमत देऊन शिकली.

मग ही काडतुसे मागे का पडली? पहिले कारण पोलिसांच्या गरजा बदलल्या हे आहे. जर्मन पोलीस वॉल्थर कंपनीची पीपी आणि पीपीके ही ७.६५ मिलिमीटरची पिस्तुले कित्येक दशके बाळगत आले होते. परंतु १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमधील हल्ल्यानंतर आणि त्या दशकातील दहशतवादाच्या अनुभवानंतर पश्चिम जर्मनीने आपल्या पोलिसांना ९ मिलिमीटरकडे वळवले, आणि युरोपातील .३२ची सर्वांत मोठी गिऱ्हाईक यंत्रणा हातची गेली. अमेरिकेत १९६८च्या कायद्याने आयात पिस्तुलांसाठी आकारमान आणि वैशिष्ट्यांच्या गुणांची अट घातल्यामुळे बेल्जियमचे इवलेसे ‘बेबी ब्राउनिंग’ तेथे येणे थांबले आणि वॉल्थरला आपल्या पीपीकेची वरची बाजू पीपीच्या उंच मुठीवर बसवून केवळ त्या नियमासाठी एक नवा नमुना तयार करावा लागला. म्हणजे मुक्त बाजारपेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशातही एखाद्या मापाचे भवितव्य ग्राहकाच्या आवडीइतकेच सरकारी तक्त्यावर ठरले.

काडतुसांच्या फॅशनी किती झपाट्याने बदलतात याचे अधिक ठळक उदाहरण अमेरिकेच्याच .४० या मापाचे आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले, त्यानंतर या संस्थेने अधिक भेदक काडतुसाचा शोध सुरू केला, प्रथम १० मिलिमीटरचे भारी काडतूस घेऊन पाहिले, ते अनेक अधिकाऱ्यांना झेपेना म्हणून त्याचेच आखूड रूप असलेले .४० हे काडतूस १९९०मध्ये जन्माला आले, आणि पाहता पाहता देशभरातील पोलीस खात्यांनी ते उचलले. पण दरम्यान ९ मिलिमीटरच्या गोळ्यांची घडण इतकी सुधारली की दोहोंच्या परिणामांतील फरक नगण्य उरला, आणि २०१५च्या सुमारास एफबीआय पुन्हा ९ मिलिमीटरकडे परतली. तिच्यामागे बाकीची खातीही परतली. पंचवीस वर्षांत एक माप जन्मले, राज्य करून गेले आणि जुन्या पिस्तुलांच्या दुकानांतून स्वस्तात मिळू लागले.

लहान काडतुसांवरचा शेवटचा घाव मात्र अभियांत्रिकीने घातला. नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकवून ठेवणारी कुलुपबंद रचना पूर्वी मोठ्या पिस्तुलांतच बसत असे. प्लास्टिकच्या मुठी आणि अचूक यंत्रकाम यांमुळे ती हळूहळू खिशाच्या आकारात आली. केल-टेक या अमेरिकी कंपनीने १९९९च्या सुमारास .३२चे, आणि नंतर .३८०चे, अतिशय हलके पिस्तूल काढले. रुगर कंपनीने २००८मध्ये तसेच .३८०चे पिस्तूल मोठ्या प्रमाणात विकले. आणि २०१८मध्ये सिग कंपनीचे पी-३६५ बाजारात आले, ज्याची लांबी पंधरा सेंटिमीटरच्या आत, वजन सुमारे ५०० ग्रॅम आणि मॅगझिनमध्ये ९ मिलिमीटरची दहा काडतुसे अशी सांगड होती. ब्राउनिंगच्या काळापासून चालत आलेला, लहान पिस्तुलासाठी लहान काडतूस हवेच, हा यांत्रिक नियम येथे संपला. .२५साठी त्यानंतर जुन्या पिस्तुलांचे मालक सोडले तर फारसे कोणी उरले नाही.

आता या ५०० ग्रॅमच्या आकड्याशेजारी दुसरा एक ५०० ग्रॅमचा आकडा ठेवून पाहावा. जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्रकारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. डिसेंबर २०१२मधील दिल्लीच्या अत्याचाराच्या घटनेनंतर, स्त्रियांना पर्समध्ये बाळगता येईल असे हलके शस्त्र म्हणून त्याची जाहिरात झाली, वजन सुमारे ५०० ग्रॅम ठेवण्यात आले आणि किंमत सव्वा लाखाच्या जवळ गेली. या शस्त्राचे काडतूस होते १८९६चे .३२ लाँग, चक्रात सहा. तेवढ्याच वजनात जगाने जवळजवळ तिप्पट ऊर्जेचे काडतूस बसवून दाखवण्याच्या बेतात असताना भारतातील सर्वांत आधुनिक म्हणून मिरवलेले हातशस्त्र एकोणिसाव्या शतकातील काडतुसावर उभे राहिले, ही विसंगती कारागिरांच्या अज्ञानातून आलेली नाही. तिची मुळे दीडशे वर्षांच्या कायद्यात आहेत.

१८५७च्या उठावाने हादरलेल्या ब्रिटिश सत्तेने १८७८च्या शस्त्रकायद्याने प्रजेच्या हातातील शस्त्रे परवान्याखाली आणली. त्याबरोबर एक दुसरा, अधिक सूक्ष्म विचार रुजत गेला: प्रजेच्या बंदुकीत सैन्याचे काडतूस बसता कामा नये, म्हणजे कोठारातून किंवा शिपायाच्या पट्ट्यातून चोरलेले काडतूस निरुपयोगी ठरेल. सैन्याची रायफल .३०३ची, म्हणून नागरिकाच्या शिकारी रायफलीसाठी .३१५ हे माप पुढे आले, जे मुळात ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे ८ मिलिमीटरचे काडतूस असून त्याच्या जन्मभूमीत ते केव्हाच कालबाह्य झाले आहे. पोलिसांनासुद्धा जमावापुढे .४१० मापाच्या गुळगुळीत नळीची मस्केट देण्यात आली, ज्यात .३०३चे काडतूस चालणार नाही अशी तजवीज होती. स्वातंत्र्यानंतर १९५९चा शस्त्रकायदा आणि १९६२ची नियमावली आली, पण हा विचार तसाच पुढे चालू राहिला: ज्या पिस्तुलात किंवा रिव्हॉल्व्हरमध्ये सैन्याची .३८० किंवा .४५५ची कडेची काडतुसे, अथवा ९ मिलिमीटरचे काडतूस चालू शकते, ते निषिद्ध बोअरच्या वर्गात गेले, आणि त्याचा परवाना जिल्हाधिकाऱ्याच्या किंवा पोलीस आयुक्ताच्या हातात न राहता केंद्रीय गृहमंत्रालयाकडे गेला. येथे एक खुलासा आवश्यक आहे, तो असा की या यादीतील .३८० हे ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हरचे काडतूस आहे आणि वर आलेल्या ब्राउनिंगच्या .३८०शी त्याचा काही संबंध नाही. लष्करी .४५५ आणि .३८० ही दोन्ही मापे आज जगभर इतिहासजमा झालेली असून भारतीय पोलिसांनीही .३८० रिव्हॉल्व्हरची जागा ९ मिलिमीटरच्या पिस्तुलांना दिली आहे. तरीही सामान्य परवानाधारकासाठी ती मापे निषिद्ध ठरवणारा विचार अजून जिवंत आहे.

कायद्याने .३२ची सक्ती केलेली नाही, हे खरे. जुन्या परवान्यांवर .३५७सारखी विदेशी मापेही आढळतात. परंतु १९८०च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद झाली, नामांकित नेमबाजांसारखे थोडे अपवाद उरले, आणि नव्या हातशस्त्रासाठी सरकारी कारखान्यांखेरीज वाट राहिली नाही. त्या कारखान्यांनी निषिद्ध नसलेले, देशात बनणारे आणि साध्या यंत्रणेत चालणारे माप निवडले, ते .३२. रिव्हॉल्व्हरसाठी वेब्लीच्या जुन्या, मधोमध मोडून उघडणाऱ्या नमुन्याचा आधार घेतला गेला, पिस्तुलासाठी ७.६५ मिलिमीटरचे ‘अशनी’ तयार झाले. आणि दोन्ही प्रकारची काडतुसे खडकीने पुरवली. ऑक्टोबर २०२१मध्ये आयुधनिर्माणी मंडळाचे सात सरकारी कंपन्यांत विभाजन झाले, तेव्हा खडकी आणि वरणगाव येथील कारखाने ‘म्युनिशन्स इंडिया’ या पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीकडे, तर शस्त्रे बनवणारे कारखाने कानपूरच्या कंपनीकडे गेले. ऑगस्ट २०२३मध्ये या दुसऱ्या कंपनीने ‘प्रबल’ हे सुमारे ७०० ग्रॅम वजनाचे, चक्र बाजूला उघडणारे रिव्हॉल्व्हर आणले, आणि तेही .३२चेच. वेब्लीचे नाव घेऊन उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात अलीकडे सुरू झालेल्या खासगी कारखान्यानेही प्रथम .३२चेच रिव्हॉल्व्हर काढले. एकदा काडतूस, शस्त्र आणि परवाना यांची सांगड अशी घट्ट बसली की नव्याने येणाऱ्यालाही त्याच मापात यावे लागते, कारण दुकानात तीच काडतुसे असतात.

आयातबंदीचा आणखी एक परिणाम असा झाला की स्वातंत्र्यापूर्वी आलेल्या वेब्ली, कोल्ट किंवा वॉल्थर पिस्तुलांच्या किमती त्यांच्या उपयुक्ततेशी ताळमेळ न राहता वाढत गेल्या, आणि लंडन वा न्यूयॉर्कमध्ये जुन्या बाजाराची वस्तू ठरलेले पिस्तूल पुण्या-मुंबईत लाखांच्या भावाने हस्तांतरित होऊ लागले. दुसरा परिणाम अधिक चिंतेचा आहे. बेकायदा कारखान्यांतून, मुंगेरपासून मध्य प्रदेशाच्या सीमेवरील वस्त्यांपर्यंत, जी देशी बनावटीची पिस्तुले महाराष्ट्रात येतात आणि ज्यांना वृत्तपत्रे सरसकट गावठी कट्टे म्हणतात, त्यांत ७.६५ मिलिमीटरचे माप वारंवार आढळते, कारण त्या मापाचे काडतूस परवान्याच्या दुकानात उपलब्ध असते आणि तेथून पाझरू शकते. परवान्यावर काडतुसांच्या खरेदीची मर्यादा लिहिलेली असते, प्रत्येक खरेदीची नोंद होते, ती या कारणाने. नागरिकाला सैन्याच्या काडतुसापासून दूर ठेवण्यासाठी आखलेल्या वाटेवरच गुन्हेगारही चालू लागला, हे या धोरणाचे अपयश मान्य करावे लागेल.

.३२ लाँगला एक सन्मानाचे आश्रयस्थान मात्र जगभर उरले आहे, ते नेमबाजीच्या मैदानात. पंचवीस मीटर सेंटरफायर या प्रकारात, जो ऑलिंपिकमध्ये नसला तरी जागतिक आणि आशियाई स्पर्धांत खेळला गेलेला आहे, सपाट तोंडाची शिशाची गोळी घातलेले .३२ लाँग हे अनेक खेळाडूंचे आवडते काडतूस आहे, कारण त्याचा धक्का सौम्य असतो आणि सपाट गोळी कागदावर स्वच्छ गोल भोक पाडते, ज्यामुळे गुणांचा वाद उरत नाही. २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणा यांनी याच प्रकारात ५९० गुणांसह तत्कालीन जागतिक विक्रमाची बरोबरी केली होती. त्याहून लहान असलेले .२२ हे १८८७चे काडतूस तर कधी मावळलेच नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक मिळवले ते याच मापावर. एखादे माप स्वसंरक्षणासाठी दुबळे ठरले म्हणून ते निकामी ठरत नाही. त्याचे योग्य स्थान कोणते हे ठरायला वेळ लागतो.

तिकोणा पेठेसारख्या गावांत, जेथे भातखाचरांना रानडुकरांचा उपद्रव होतो, कायद्याने शेतकऱ्यापुढे ठेवलेला पर्याय पिस्तुलाचा नाही. १९५९च्या कायद्याचे तेरावे कलम पीकसंरक्षणाच्या खऱ्या गरजेसाठी ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी भरण्याच्या बंदुकीचा, आणि संरक्षण किंवा खेळासाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा उल्लेख करते. तीही हातात असली म्हणून डुक्कर मारण्याची मुभा मिळत नाही, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. ठासणीच्या बंदुकीला कारखान्याचे काडतूस लागत नसल्यामुळे तिच्यापुढे माप कालबाह्य होण्याचा प्रश्नच उभा राहत नाही. मावळातील गावे आणि पुणे शहर यांच्यात काही तासांचेही अंतर नाही, पण शस्त्रांच्या दृष्टीने येथे तीन शतकांची यंत्रणा एकाच कायद्याखाली एकाच वेळी नांदते.

खऱ्या अर्थाने मावळत चाललेले माप शोधायचे, तर ते भारतात .२५ आहे. आजोबांच्या काळी घेतलेले वेब्लीचे किंवा ब्राउनिंगचे इवले पिस्तूल वारसाने नातवाकडे येते, त्याची यंत्रणा अजून सुस्थितीत असते, परंतु त्याची काडतुसे परदेशातून यावी लागत असल्याने ती दुर्मीळ आणि फार महाग आहेत, आणि घरात उरलेली काडतुसे इतकी जुनी झालेली असतात की त्यांच्यावर विसंबता येत नाही. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर असे शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाप्राप्त विक्रेत्याकडे जमा करून वारसाने आपल्या नावाच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो; आणि डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणल्यामुळे, ज्या कुटुंबात बारा बोअर आणि .३२ आधीच होते, त्यांना हे तिसरे पिस्तूल सोडून देण्याची वेळ आली. अशा वेळी ते मोडीत जाण्यापेक्षा निकामी करून संग्रहालयात जावे, यासाठी सरकारी यंत्रणेने पुढाकार घेणे अगत्याचे आहे, कारण या पिस्तुलांच्या अंगावरील विक्रेत्यांच्या मोहरा आणि क्रमांक यांतून पश्चिम भारतातील शस्त्रव्यापाराचा इतिहास वाचता येतो, आणि तो दुसरीकडे कोठे लिहिलेला नाही.

कायदा मात्र शस्त्राच्या वयाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. १९५९च्या कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमाने जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडकळीस आलेल्या शस्त्रांना सूट दिली आहे, पण अट अशी की ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. त्याचे काडतूस बाजारात मिळते की नाही, हा प्रश्न त्या कलमात विचारलेला नाही. त्यामुळे मावळातील एखाद्या घरात खंडेनवमीला पुजल्या जाणाऱ्या शस्त्रांमध्ये तोडा, चाप आणि कान सगळेच गमावलेली, गंजून बुजलेली जुनी नळी असेल तर ती या सवलतीत बसू शकते. परंतु शहरातील कपाटात तेल देऊन ठेवलेले, ज्यासाठी एकही काडतूस उरलेले नाही असे .२५चे पिस्तूल बसत नाही, आणि त्याला परवाना लागतो, ठरलेल्या मुदतीने परवान्याचे नूतनीकरण लागते, आणि निवडणुकीच्या काळात आदेश निघाला तर ते पोलीस ठाण्यात जमाही करावे लागते.